फियाट १२४ स्पायडर : गॅरेजमधल्या नोंदी

२८ ऑक्टोबर २०२३

गाडी आली. चालत नाही, ट्रेलरवरून. १९७८ची फियाट १२४ स्पायडर, १७५६ सीसी, पाच गिअर, ७१ हजार मैल. जन्मापासून बराच काळ ॲरिझोनात, मग नऊ वर्षं इथे मिशिगनमध्ये एका कोठारात झाकून. किंमत ४,२०० डॉलर. रंग मूळचा लाल, आता बोनेटवर पार उडालेला. कापडी टप मागच्या बाजूनं फाटलेला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या वार्निशसारखा वास.

सगळ्यात आधी चारही प्लग काढले, सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं, तासभर थांबले आणि क्रँकच्या नटला पाना लावून हळूच ओढला. इंजिन फिरलं. अडलं नाही, कुठे खडखडलं नाही. आजच्यापुरतं एवढं बास होतं.

३० ऑक्टोबर २०२३

बाबांचा सकाळीच फोन. आजपासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी नाही. शेवटची पद्मिनी २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली की टॅक्सी रस्त्यावरून उतरवावी लागते. चिंचपोकळीच्या गल्लीत बाबांचं गॅरेज होतं तेव्हा दिवसाला पाच-सहा टॅक्स्या तरी यायच्या. माझा अभ्यास त्यांच्याच बोनेटवर वही ठेवून व्हायचा.

तेव्हाच गाडीचं सांगून टाकलं.

"फियाट घेतलीस? कुठली?"

"वन टू फोर. उघडी, दोन दारांची."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वन वन एटची बहीणच की गं."

बरोबर ओळखलं. प्रीमियरनं १९८५मध्ये ११८ एनई काढली तेव्हा सांगाडा फियाट १२४चाच घेतला होता, इंजिन मात्र निस्सानचं. १२४ सेडान १९६६ साली आली आणि १९६७ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. सरळ, चौकोनी, चार माणसांच्या कुटुंबाची गाडी. रशियात तोल्यात्ती शहरात तिच्यावरूनच झिगुली नावाची गाडी झाली. त्याच १२४ सेडानचं पुढचं सस्पेन्शन, तेच ब्रेक घेऊन, चाकांमधलं अंतर २४२० मिलिमीटरवरून २२८०वर आणून तुरीनमध्ये ही स्पायडर घडवली. संसारी घरातली नाचरी मुलगी म्हणावी तशी. मला ही गाडी आवडते त्याचं मूळ इथेच आहे. फेरारी पाहिली की मान वर करून पाहावं लागतं. हिच्या खाली शिरलं की ओळखीची माणसं भेटतात.

५ नोव्हेंबर २०२३

गंज पाहिला. टॉर्च, लहान हातोडी आणि पोचकस घेऊन अडीच तास जमिनीवर पाठ टेकून.

इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते ओलं मीठ पत्र्याच्या घड्यांत बसतं आणि आतून खात राहतं. या गाड्यांचा पत्रा त्या काळच्या बहुतेक गाड्यांसारखाच, गंजापासून फारसं संरक्षण नसलेला. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेनं हिला वाचवलंय. जमिनीचा पत्रा हातोडीखाली टणक वाजतो. दारांखालचे सिल ठीक. मागचा उजवा शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बोल्टनं धरलेला असतो तिथे मात्र पोचकस आरपार गेला. डिकीत शिरलेलं पाणी तिथेच साचतं.

पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे खालचा आडवा आधार, घासून पाहिला, कारण इंजिन आणि सस्पेन्शन दोन्हींचा भार त्याच्यावर आणि या गाड्यांना तिथे चीर जाते हे सगळ्यांना माहीत आहे. डाव्या बाजूला केसासारखी एक चीर सापडली. दोन्ही कामं वेल्डिंगवाल्याकडे. हे माझ्या हातचं नाही.

१२ नोव्हेंबर २०२३

दिवाळी. काम नाही. गॅरेजच्या दारात एक पणती.

२ डिसेंबर २०२३

पार्टची वाट बघतेय, म्हणून हिच्या रूपाविषयी लिहून ठेवते. बरेच दिवस मनात होतं.

ही गाडी रेखाटली टॉम त्यार्दानं, पिनिनफरिना या तुरीनच्या डिझाइन कंपनीसाठी. माणूस डेट्रॉइटचा, १९३४चा जन्म. वडील जॉन त्यार्दा हेही गाड्यांचे डिझायनर. लिंकन झेफिरमागे त्यांचं काम होतं. टॉम मिशिगन विद्यापीठात आर्किटेक्चर शिकला, म्हणजे इथे ॲन आर्बरला, जिथे मी चाळीस वर्षांहून जास्त काळानं एमएस केलं. १९५८ साली तो तुरीनला घिया कंपनीत गेला आणि तिथून १९६१मध्ये पिनिनफरिनाकडे. मी मुंबईतून निघून इथे येऊन पडले, तो इथून निघून तुरीनला. त्यानं रेखाटलेली गाडी आता माझ्या गॅरेजमध्ये, त्याच्या विद्यापीठापासून वीस मिनिटांवर उभी आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

१९६३च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यानं शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर एक गाडी केली होती, तिचं नाव रोन्दिने. इटालियनमध्ये रोन्दिने म्हणजे भिंगरी, तारांवर ओळीनं बसणारा तो दुशेपटी पक्षी. त्या गाडीच्या मागच्या बाजूला शेपटीसारखी धारदार कड होती. तीच कड स्पायडरला आली. मागच्या चाकावरून रेष किंचित उचलते, मग डिकीच्या टोकाशी एकदम तुटते. संध्याकाळी गॅरेजचा दिवा बाजूनं पडला की ती कड उजळते आणि खालचा पत्रा काळोखात जातो. क्रोमचा एकही भपका नाही. उडालेल्या रंगातही ती रेष दिसते, यावरूनच कळतं की काम रंगाचं नाही, रेषेचं आहे.

गाडी लोकांसमोर आली नोव्हेंबर १९६६मध्ये, तुरीनच्या मोटर शोत. पिनिनफरिनाचे संस्थापक बातिस्ता, ज्यांना सगळे 'पिनिन' म्हणत, ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले होते. त्यांनी ती लोकांच्या गर्दीत उभी असलेली पाहिली नाही.

१७ डिसेंबर २०२३

पाण्याचा पंप, होज, थर्मोस्टॅट बदलले. रेडिएटर धुऊन आला.

१४ जानेवारी २०२४

बाहेर उणे १४. गॅरेजात हीटर लावून टायमिंग बेल्टचं काम.

आधी एका विक्रेत्यानं चुकीचा बेल्ट पाठवला, दात मोजल्यावर कळलं. तीन आठवडे गेले. नवा बेल्ट जुन्याशेजारी ठेवून दात मोजल्याशिवाय बसवायचा नाही, हे आता पक्कं.

या इंजिनाचा जनक औरेलियो लाम्प्रेदी. लिव्होर्नोचा माणूस. फेरारीत असताना त्यानं चार सिलिंडरचं इंजिन बनवलं, ज्याच्या जोरावर अल्बेर्तो आस्कारीनं १९५२ आणि १९५३ अशी सलग दोन वर्षं मोटर रेसिंगचं जगज्जेतेपद जिंकलं. १९५५मध्ये तो फियाटमध्ये आला. रेसच्या गाड्या करणारा माणूस आता पगारदारांच्या गाड्यांची इंजिनं करणार होता. त्यानं हात आखडता घेतला नाही.

डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) असलेलं इंजिन तेव्हा महागड्या गाड्यांत असे. कॅम फिरवायला साखळ्या लागत. त्या महाग, जड, आवाज करणाऱ्या. लाम्प्रेदीनं साखळी काढून दात असलेला रबरी पट्टा लावला आणि दोन कॅमचं इंजिन कारखान्यात हजारोंनी निघू लागलं. पहिली गाडी १४३८ सीसी, ९० हॉर्सपॉवर. पुढे १६०८, १७५६ आणि शेवटी १९९५. याच घराण्यातल्या इंजिनांनी फियाट १३१ अबार्थ, लान्चिया ०३७ आणि लान्चिया डेल्टा यांना मिळून जागतिक रॅलीची दहा उत्पादक विजेतेपदं दिली. माझ्या हातातल्या या काळ्या रबरी पट्ट्याची ती वंशावळ.

पट्ट्याचं एक मात्र आहे. साखळी झिजली की खुळखुळून सांगते. पट्टा काही सांगत नाही, एक दिवस तुटतो. तो ठरावीक मैलांनी, आणि मैल झाले नाहीत तरी ठरावीक वर्षांनी, बदलायलाच हवा. साखळीची सवय असलेल्या अमेरिकेत कितीतरी मालकांनी तो कधी बदललाच नाही आणि दोष गाडीला लावला. माझ्या आधीच्या मालकाच्या कागदांत बेल्टची नोंद कुठेच नाही. जुना पट्टा काढून वाकवला तर दातांच्या मुळाशी चिरा.

क्रँकचा मार्क जुळवला, दोन्ही कॅमच्या पुलीवरचे ठिपके मागच्या काट्यांशी आणले. पट्टा चढवला, टेन्शनरची स्प्रिंग सोडली, पान्यानं इंजिन दोन फेरे हातानं फिरवलं, पुन्हा मार्क पाहिले. एक्झॉस्टचा कॅम एक दात पुढे. काढला, परत बसवला. तिसऱ्यांदा सगळं जुळलं. रात्रीचे पावणेबारा.

२८ जानेवारी २०२४

टॅपेट. आजचा दिवस या गाडीतला मला सगळ्यात आवडलेला.

पद्मिनीचं टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणं, मी दहाव्या वर्षी शिकले. रॉकरवरचा स्क्रू, त्याचा चेक नट, फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी. गेज अडकता अडकता सरकला पाहिजे, "लोण्यातून सुरी" असं बाबा म्हणत. पण डोक्यावर दोन कॅम असले की सहसा रॉकर नसतो, स्क्रू नसतो. कॅम थेट वाटीसारख्या टॅपेटवर दाबतो. फट बदलायची तर मध्ये कमीजास्त जाडीची चकती घालावी लागते, तिला शिम म्हणतात. त्या काळच्या इतर दोन कॅमच्या इंजिनांत ही चकती वाटीच्या खाली असायची, म्हणजे प्रत्येक वेळी कॅमशाफ्ट उचला, मोजा, बदला, परत बसवा. अख्खा दिवस त्यात.

लाम्प्रेदीनं चकती वाटीच्या वर ठेवली. वाटीच्या काठाला छोटी खाच. एका हत्यारानं वाटी दाबून धरायची, खाचेतून हवेचा झोत मारायचा, चकती उडून हातात येते. कॅमला हात लावायचा नाही. रेसचं इंजिन सांभाळायला रेसचे मेकॅनिक असतात. हे इंजिन गल्लीतला मेस्त्री सांभाळणार आहे, हे त्यानं कागदावर रेघ मारतानाच लक्षात घेतलं होतं. मी नोकरीत रोज गाड्यांचे भाग डिझाइन करते. पुढच्या माणसाच्या हाताचा इतका विचार मी फार थोड्या ड्रॉइंगमध्ये पाहिलाय.

आठ व्हॉल्व्हपैकी तीन घट्ट निघाले, तिन्ही एक्झॉस्टचे. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून त्याची फट इनटेकपेक्षा जास्त ठेवतात. तीन चकत्या बदलल्या. गेज लोण्यातून सुरी.

१८ फेब्रुवारी २०२४

वेल्डिंग झालं. क्रॉसमेंबरला चिरेवर जोड आणि आतून पट्टी. मागचा शॉकॲब्सॉर्बरचा भाग नव्या पत्र्याचा. छान काम. प्रायमर मी मारला.

१० मार्च २०२४

वेबरचा कार्बोरेटर उघडला. फ्लोटच्या तळाशी तपकिरी साखरेसारखा गाळ साचलेला. जेट घासायचे नाहीत, तारेनं तर नाहीच. क्लीनरमध्ये बुडवून हवेनं फुंकायचे. पंपाचा डायफ्रॅम कडक झालेला, किटमधला नवा घातला. टाकी आतून धुतली, नळ्या सगळ्या नव्या.

९ एप्रिल २०२४

गुढीपाडवा. ऑफिसला सुट्टी नाही, म्हणून पहाटे साडेपाचला गॅरेजात. गाडीला हळदकुंकू, बोनेटवर फूल.

आधी प्लग काढून, तेलाचं प्रेशर येईपर्यंत स्टार्टर फिरवला. मग प्लग, वायरी १-३-४-२ अशा तपासून. किल्ली. दोनदा नुसतं घरघरलं. तिसऱ्यांदा एक ठोका, मग दोन, आणि मग चारही. नवरा आणि लेक नाइटड्रेसमध्ये धावत आले. आवाज पद्मिनीसारखा मुळीच नाही. खाली घोगरा, पाय दाबला की वर चढत जाऊन कापड फाडल्यासारखा. मी रडले. पंधरा मिनिटं चालू ठेवली, तापमान ठीक, गळती एकच, व्हॉल्व्हच्या झाकणाच्या मागच्या टोकाला.

१९ मे २०२४

वायरिंग. उजवा इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात. असं झालं की दिव्याला हात लावायचा नाही, अर्थिंग शोधायचं. सहा जागी अर्थच्या वायरी पत्र्यावर बोल्टनं बसवल्यात. सहाही काढल्या, पत्रा चकचकीत घासला, ग्रीस लावून आवळल्या. निम्मे भूत उतरले.

हेडलाइटचा सगळा करंट इग्निशनच्या स्विचमधून जातो आणि स्विच जळतो, म्हणून दोन रिले बसवले.

१६ जून २०२४

बाबा आले. विमानातून उतरून चहा घेतला आणि विचारलं, "कुठाय?"

गाडीभोवती एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. मग वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी गालिच्याच्या तुकड्यावर आडवे होऊन पुढच्या चाकामागे डोकं घातलं. आतून आवाज आला, "अगं, हे तर वन वन एटचंच आहे. वरचा विशबोन, खालचा विशबोन, हे बघ. डोळे मिटून खोलीन." मग मागे गेले. "मागेही डिस्क?"

"चारही डिस्क, बाबा. ६६ सालापासून."

"आमच्या पद्मिनीला चारही ड्रम होते." हे त्यांनी दोनदा म्हटलं.

आजपासून खालची बाजू त्यांची. सगळे बुश, म्हणजे सांध्यांतले रबर, बदलायचे. मागचा अखंड ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड असतो, त्याचा रबर हातानं तुटला. नव्या रबरला त्यांनी ग्रीस लावू दिलं नाही, साबणाचं पाणी लावलं.

३० जून २०२४

बंपर काढायचे की नाहीत, यावर जेवताना वाद.

पहिल्या गाड्यांचे बंपर सुरीच्या पात्यासारखे बारीक होते. अमेरिकेच्या नियमांमुळे १९७५पासून हे जाड, काळे रबर लावलेले आले, गाडी जमिनीपासून थोडी उचलली गेली, धुराच्या नियमांनी ताकदही घटली. पुष्कळजण आता ते काढून जुने बारीक बंपर लावतात. लेकीचं तेच मत. तिनं अबार्थ १२४ रॅलीचे फोटो दाखवले. ती तर बंपरशिवायच. दारं ॲल्युमिनियमची, बोनेट फायबरचं, मागे अखंड ॲक्सलऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन. राफाएले पिंतोनं १९७२ साली १२४ स्पायडर घेऊन युरोपचं रॅली विजेतेपद जिंकलं, १९७५मध्ये मौरित्सिओ वेरिनीनं ही अबार्थ घेऊन. १९७४च्या पोर्तुगाल रॅलीत पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही नंबर तिचेच. देखणी आहेच ती.

पण मी बंपर ठेवणार. १९७५नंतर फियाटनं युरोपात ही गाडी विकणं थांबवलं. त्यानंतरची वर्षं ती जगली ती अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या जिवावर, हे जाड बंपर लावूनच. फियाट इथून निघून गेल्यावरही पिनिनफरिनानं स्वतःच्या नावानं ती १९८५पर्यंत बनवली, सुरुवातीपासून धरून एकूण जवळपास दोन लाख. बंपर काढला तर मी ती १९७८ची खोटी ठरवीन. बाबांनी निकाल दिला, "जशी आली तशी राहू दे." लेक अजून रुसलेली आहे.

२१ जुलै २०२४

नवा टप. तिघांनी मिळून दोन दिवस. कापड उन्हात ताणायला ठेवलं, मगच चिकटवलं.

या टपाचं कौतुक कितीही केलं तरी कमीच. त्या काळच्या इंग्लिश उघड्या गाड्यांत टप म्हणजे पुष्कळदा तंबूच, काठ्या, बटणं, पावसात उभं राहून खटपट. इथे सीटवर बसल्या बसल्या दोन खिट्ट्या सोडायच्या आणि एका हातानं मागे ढकलायचं. बाजूच्या तिकोनी काचा टपाबरोबरच घडी होऊन जातात. लेकीनं घड्याळ लावलं : पाच सेकंद.

१७ ऑगस्ट २०२४

वुडवर्ड ॲव्हेन्यू. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या या रस्त्यावर जुन्या गाड्या उतरतात, मैलोगणती. सगळीकडे मस्टँग, कमॅरो, आठ-आठ सिलिंडर. त्यांच्यामध्ये आमची लाल फियाट, टप मागे, बाबा शेजारी, डोक्याला रुमाल बांधून.

रस्ता मोकळा मिळाला तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये वर चढवली. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे इंजिन गेलं की हिचं वागणंच बदलतं. आवाज दाटतो, मागून कुणीतरी पाठीला हात लावल्यासारखं होतं. गिअरची दांडी मनगटानं पडते. स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडानखडा कळतो. वेग पाहिला तर पंचावन्न मैल फक्त. पंचावन्नातच एवढं देणारी गाडी.

सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थानं काच खाली केली. कॉलेजात असताना त्याच्याकडे हीच होती, हिरवी. गंजून गेली. बाबांनी इंग्रजीत सांगितलं, "सेम फॅमिली, आय रिपेअर इन बॉम्बे. थर्टी इयर्स." तो गृहस्थ गाडी बाजूला घेऊन उतरला आणि दोघं बोनेट उघडून वीस मिनिटं उभे राहिले.

७ सप्टेंबर २०२४

गणपती बसले. आरतीनंतर गाडीलाही हार.

बाबा पुढच्या आठवड्यात परत. आज त्यांनी पांढऱ्या रंगाचा पेन मागितला. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीच्या बोनेटच्या आत ते ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर ब्रशनं लिहीत. ड्रायव्हर बदलला, मालक बदलला तरी गाडी स्वतःच सांगायची. स्पायडरच्या बोनेटच्या आत, डाव्या कोपऱ्यात, देवनागरीत लिहिलं : पट्टा, जाने. २४, ७१,३०८ मैल.

राहिलेलं : व्हॉल्व्हच्या झाकणाचं गॅस्केट परत पाझरतंय. उजव्या ब्रेक लाइटचं अर्थिंग. स्पीडोमीटरची केबल ४०च्या आसपास काटा हलवते.